तारवालीचा ट्रॅक्टर

मोटार जळली की सगळ्यांना तारवाली आठवे. एरवी तिच्या दुकानासमोरून जाताना वार्निशच्या वासाने नाक मुरडणारे लोक विहिरीवरचा पंप बंद पडला की त्याच दुकानाच्या पायरीवर गरीब गाईसारखे उभे राहत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळे, मधोमध तारेची वेटोळी घालण्याचे हाताने फिरवायचे यंत्र आणि कोपऱ्यात जळक्या तारेचा ढीग. जळक्या मोटारीत नवी तार भरण्याचे हे काम ती नवऱ्याच्या हाताखाली शिकली. तो गेल्यावर ‘आता दुकान विकणार ना?’ असे हळहळत विचारायला आलेल्या प्रत्येकाला तिने एकच उत्तर दिले होते, “मोटार आणलीय का? नसेल तर पायरी मोकळी करा.”

हे उत्तर थोरल्या भावापाशी मात्र चालत नसे. वडिलांमागे शेत दोघांच्या नावावर चढले, पण कसत होता तो एकटाच. तिने वाटणीचा विषय काढला की तो मायेने हसे.

“अगं, तुझं ते तुझंच आहे. मी काय खाणारे का? पण कसणार कशानं? तुझ्या तारा पिळायच्या पकडीनं?”

वडिलांचा जुना ट्रॅक्टर गोठ्यामागे गंजत पडला होता. त्याचे इंजिन तडकलेले, सुटे भाग मिळेनासे झालेले. भावाने तो भंगारवाल्याला द्यायचे ठरवले, त्या दिवशी ती जेवणाच्या ताटावरून म्हणाली, “भंगारात घालण्यापेक्षा मला दे. मी तो विजेवर चालवीन आणि त्यानंच माझा हिस्सा नांगरीन.”

भावाला ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, “चल, ठरलं. पेरणीआधीच्या रविवारी, दिवस मावळायच्या आत नांगरून दाखव. त्याच दिवशी वाटणी. नाही जमलं तर ट्रॅक्टर भंगारात, आणि वाटणीचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

“शब्द फिरवशील.”

“ही तुझी वहिनी साक्षीला.”

 वहिनीने दोघांच्या ताटांत भात वाढला.

इंजिन काढायला तारवालीने डिझेल मिस्त्रींना बोलावले. बोल्ट सुटले आणि ट्रॅक्टरचे दोन तुकडे झाले. पुढची चाके एकीकडे, मागचे धूड दुसरीकडे.

“ताई, याला वेगळा सांगाडा नसतो,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “इंजिन हाच याचा कणा. तो तुम्ही काढलात.”

“मग दुसरा घालू.”

तिने लोखंडी चॅनेलची चौकट जोडून घेतली. गोदामात माल उचलणाऱ्या मोडक्या गाडीची मोटार आणून तिची सगळी तार उपसली आणि नवी भरली. मोटार आणि गिअरबॉक्स जोडणारा तुकडा लेथवाल्याने केसभर तिरका कातला, तेव्हा तो तिने त्याच्याच टेबलावर परत नेऊन ठेवला आणि नवा कातून घेतला. इंजिनाचे वजन गेल्यावर नांगर ओढताना पुढची चाके उचलली जातील हे ओळखून तिने बॅटऱ्यांची जागा पुढेच, रिकाम्या बॉनेटखाली धरली.

मिस्त्री निघताना तिने विचारले, “इंजिन फिरायचं कुठल्या बाजूनं?”

“उजवीकडे. पण फिरकीची दिशा एकदा माझ्यासमोर तपासून घ्या.”

हे तिला झोंबले. “मिस्त्री, मोटारीची दिशा तुम्ही मला शिकवणार? जन्म गेला माझा यात.”

मिस्त्रींनी मान डोलावली आणि सायकलवर टांग मारली.

चार्जिंगची सोय शेतातल्या पंपापाशीच होती. म्हणून ट्रॅक्टर ओढत तिकडे नेला आणि बॅटऱ्या तिथेच चढवल्या. गिअर न टाकता तिने मोटार फिरवून पाहिली. मोटार गोड फिरली, आणि तेवढ्यावर ती निर्धास्त झाली.

रविवारी दुपारी बांधावर बरीच माणसे जमली; मिस्त्रीही आले, वहिनीही आली. भंगारवाला आपला ट्रक घेऊनच आला होता. तारवाली चढून बसली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टर निघाला तो तडक मागे! चुपचाप, अगदी मुकाट्याने, तो बघ्यांच्या रोखाने येऊ लागला. माणसे टुणटुण उड्या मारत पांगली.

“अरे, हा नांगरणारा नव्हे, माघार घेणारा ट्रॅक्टर आहे!”

“आवाजसुद्धा न करता पळ काढतोय!”

भंगारवाल्याने ट्रकचा मागचा फळका खाली पाडला. भाऊ पुढे झाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होते, पण आवाजात खरी कणव होती. “झालं गं. हौस फिटली ना? उतर आता.”

तिचे कान तापले होते. ती त्याच्याकडे न पाहता ओरडली, “मिस्त्री! उजवीकडे म्हणालात ते कुठून बघून?”

“पंख्याकडून. इंजिन पुढून, पंख्याकडूनच बघतात.”

“आम्ही मोटार दांड्याकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूनं बघतो.” तिने हवेत बोट उलटे फिरवले. “म्हणजे तुमची उजवी ती माझी डावी. तुम्ही तपासा म्हणालात, मी ऐकलं नाही. चूक माझी.”

“कबूल ना?” भाऊ म्हणाला. “मग उतर खाली.”

“उतरतेच आहे. पाना घ्यायला.”

“ए, आता नवीन काही नाही! शब्द तो शब्द.”

“शब्द दिवस मावळेपर्यंतचा आहे, अहो,” बांधावरून वहिनी म्हणाली. “साक्षीला मीच होते ना?”

 तारवालीने बॅटरीची जोडणी सोडली, मोटारीला जाणाऱ्या तीन जाड तारांपैकी दोन, मोटारीची फिरकी उलटावी म्हणून, अदलाबदल करून आवळल्या, जोडणी पुन्हा लावली आणि चढून बसली. या वेळी ट्रॅक्टर पुढे गेला. पण कडेच्या बांधाशी न थांबता ती त्याला थेट शेताच्या मधोमध घेऊन गेली.

“कडेपासून सुरू कर की!” भाऊ मागे धावत ओरडला.

“माझ्या कडेपासूनच करतेय.”

तिने नांगर खाली सोडला. पुढची चाके जमिनीला चिकटून राहिली. माती फाटत गेल्याचा तेवढा आवाज येत होता. भाऊ वळसा घालून तासाच्या, नांगराच्या त्या चरीच्या, वाटेत येऊन उभा राहिला.

“नांगरायचा शब्द दिला होता मी. शेत मधोमध चिरायचा नव्हता!”

“वाटणी म्हणजे आणखी काय असतं रे, दादा?” तिने वेग कमी केला नाही. “बाजूला हो. याला आवाज नाही, नंतर म्हणशील, सांगितलं नाहीस.”

तो उभा राहिला. ट्रॅक्टर येत राहिला. अगदी चाक पायाशी आल्यावर भाऊ एक पाऊल सरला, मग आणखी एक. आणि सरळ काळे तास त्याच्या शेजारून पलीकडच्या बांधापर्यंत गेले. तिथे तिने नांगर उचलला, ट्रॅक्टर वळवला आणि दुसरे तास आपल्या बाजूला टाकायला सुरुवात केली.

वहिनी मात्र बांधावरचे मोठे दगड उचलून पहिल्या तासाच्या टोकाशी ओळीने मांडत होती.

“हे काय चालवलंयस?” भाऊ धापा टाकत म्हणाला.

“खूण,” वहिनी म्हणाली. “पेरणी झाली की म्हणाल, तास कुठं होतं ते दिसत नाही. तो थोरला दगड आणता का इकडं? मला उचलत नाही.”