उदबत्तीच्या धुरात शिकलेली यंत्रं

ल्याओताईंकडे फांगचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या बोलण्यामुळे. शेन्झेनच्या त्या कारखान्यात तो नवा अभियंता, आणि ताई जोडणीच्या लाइनच्या प्रमुख. सोल्डर अर्धवट सोडणाऱ्या एका मुलीला त्या म्हणत होत्या, "लग्न ठरलंय म्हणून एकच बाजू जोडतेस? दुसरी काय सासरी जोडणार?" मुलगी हसली आणि पुढचा जोड नीट बसला.

फांगने वर्षभर खपून धुराची वर्दी देणारं यंत्र तयार केलं होतं. घरात धूर झाला की ते किंचाळायचं आणि फोनवर निरोपही धाडायचं. उत्पादनाच्या पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे लाइनच्या तोंडाशी अख्खं भाजलेलं डुक्कर मांडलं. मालक क्वांगशेठनी त्यावर सुरी चालवली, ल्याओताईंनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि त्या धुरातच लाइनवरची नवी यंत्रं एकेक करून सुरू होऊ लागली. भिंतीवरचं नमुन्याचं यंत्र किंचाळू लागलं, तसं ताईंनी त्याला फडकं गुंडाळलं. "गप रे, देवाचं चाललंय!"

दुपारी खोकी ट्रकमध्ये चढत असताना ताई एकदम थबकल्या. नमुना ओरडला, मग त्याच धुरात सुरू केलेली नवी यंत्रं गप्प कशी?

"फांग, हे पहिल्यांदा सुरू झालं की काय करतं रे?"

"भोवतीची हवा शिकतं, ताई. तीच स्वच्छ धरून त्याहून जास्त धुरालाच ओरडतं..." तो खोक्यांकडे धावला.

एक खोकं फोडलं, चिंधी धुमसवली. नमुना लगेच किंचाळला. नवं यंत्र मात्र डोळे चुरचुरू लागले तरी गप्पच.

"पहिल्याच दिवशी भरला ट्रक रिकामा करायचा?" क्वांगशेठ कडाडले. "वर्षाचं नशीब धुऊन जाईल! तपासणीत पास झालीत ना सगळी?"

"तपासणीचा धूर दाट असतो, शेठ. झोपलेल्या माणसाच्या खोलीत आधी पातळच शिरतो."

"उदबत्त्या कुणी पेटवल्या?"

"मीच. फडकंही मीच गुंडाळलं. म्हणून तर म्हणते, उतरवा."

शेठनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन घुरघुरलं. ताई धडपडत ट्रकच्या मागच्या फळीवर चढल्या आणि खोक्यांना पाठ लावून बसल्या. "न्या मग मलाही बंदरावर!"

कुणी हसलं नाही. फांग पुढे झाला आणि त्याने पहिलं खोकं खाली घेतलं. शेठ दात खात म्हणाले, "बंद कर रे इंजिन."

सगळी यंत्रं मोकळ्या हवेत नव्याने शिकवली. जहाज चुकलं. त्याचं खापर ताईंवर फुटलं आणि प्रमुखपद गेलं. चूक माझीही आहे, असं फांग सांगत राहिला, पण शेठनी ऐकलं नाही.

सध्या ल्याओताई शेजारच्या इमारतीत भाताच्या कुकरना झाकणं बसवतात.