लहान बर्नरची पिवळी ज्योत

मी ज्या काकूंकडे स्वयंपाक करते, त्यांच्या शेगडीवर एकदा दूध उतू गेलं आणि लहान बर्नर मंद झाला. घासला तरी ज्योत वाढेना. काकू पूजेला बसल्या होत्या. मी बर्नर उचलला, खाली गॅस येतो त्या पितळी जेटच्या भोकात गोधडीची सुई घातली आणि चांगली फिरवली. ज्योत मोठी झाली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ज्योत पिवळी आणि पातेल्यांची बुडं काळी. काकूंनी ठरवलं, गॅसच भेसळीचा आहे. सिलिंडरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, टाकी सीलबंद होती. मी काहून भेसळ करू?"

"थांब, तुझी तक्रारच करते."

गॅस चांगला आहे हे मला ठाऊक होतं. त्याच टाकीवर मोठा बर्नर निळाच जळत होता. तो माणूस टाकी खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो. तरी माझं तोंड उघडेना. काम गेलं तर?

तक्रारीला पुरावा हवा म्हणून काकूंनी शेगडीचा मिस्त्री बोलावला. त्याने जेट काढून उजेडात धरला.

"यात सुई कोणी घातली? भोक मोठं झालं. गॅस जास्त येते, हवा पुरत नाही."

"माझ्या घरी असे उद्योग कोणी करत नाही," काकू म्हणाल्या.

मी कणीक मळत होते. "मी घातली," म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मिस्त्रीने "काय?" विचारलं. पुन्हा सांगावं लागलं.

त्याने नवा जेट बसवला. ज्योत निळी झाली. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "इतके दिवस तोंडात बोरं भरली होती काय वं?"

"काम काढून घ्याल म्हणून..."

"मंग पोळ्या कोण करते, मी?" त्यांनी सिलिंडरवाल्याला फोन लावून माझ्या पिठाच्या हातात दिला. "आता तूच सांग त्याले."

परक्या माणसाशी फोनवर मी कधी बोलले नव्हते. "भाऊ, गॅस चांगला होता. चूक माझी होती."

"मले काय सांगता ताई, काकूले सांगा ना!"

"काकू इथंच उभ्या आहेत."

"मंग स्पीकरवर टाका."

मला ते येत नव्हतं. काकूंनीच बटण दाबलं, आणि मी परत पहिल्यापासून सांगितलं.