झुंबरबाईची हरकत

राजेंद्रच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा कुठं राजेश्वरीला आपल्या घराची खोट कळली. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, संडास-मोरी मात्र वर. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दिवसभर नाक्यावर गप्पा छाटणारा माणूस वरच्या खोलीत अडकून पडला.

त्याला खाली आणायचं तर आपल्याच हद्दीत घराच्या बाजूला मोकळी सोडलेली जागा घेऊन खोली आणि संडास काढावा लागणार होता. नियमात ते बसत नव्हतं. लोणावळ्यातलाच इंजिनिअर सत्यम म्हणाला, "नगरपरिषदेकडे सवलतीचा अर्ज करू, काकू. फक्त शेजाऱ्यांची हरकत नको. तुम्ही बोलून घेता, का मी रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवू? पोस्टाचं बरं, पुरावा राहतो."

शेजारी म्हणजे झुंबरबाई. लग्न होऊन टाकव्याहून इथं आलेली. राजेश्वरीच्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच अंग रगडलेलं. राजेंद्रला दवाखान्यात नेताना जिन्यावरून उचलून आणला, तोही तिच्याच लेकानं. तिला विचारायला भिंतीवरून एक हाक पुरली असती. पण आधीच एवढे उपकार, त्यात आणखी जागेचं कसं मागायचं? तोंडावर नाही म्हणाली तर?

"पोस्टानंच पाठव," राजेश्वरी म्हणाली. तिला तो सभ्यपणा वाटला.

नोटीस झुंबरबाईच्या सुनेनं वाचून दाखवली. हरकत असल्यास मुदतीत कळवावी, अन्यथा संमती गृहीत धरण्यात येईल. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून हाक आली नाही. राजेश्वरीनंही मारली नाही. मुदत संपली की जाऊ, असं तिनं ठरवलं होतं.

मुदत संपायच्या आतच हरकत आली. सुनावणीला झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून हजर. "माज्या सैपाकघराचा उजेड जातो," एवढंच साहेबांना म्हणाली. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर राजेश्वरीनं तिचा हात धरला. "मावशी, उजेडाचं आधी बोलला असता तर..."

"उजेडाचं खोटंच हाय. त्या अंगाला खिडकी तरी हाय का मला?" झुंबरबाईनं हात सोडवून घेतला. "पोस्टमननं सही मागितली, तवा वाटलं कुनी केसच टाकली. बघते तर तुजं नाव! अगं, राजेंद्रभाऊंसाठी मागत व्हतीस ना? मी काय न्हाई म्हनले असते? पाया खनायला पोरगा धाडला असता की. इतकी परकी झाले व्हय?"

राहवेना म्हणून राजेश्वरी तिच्या घरी गेली. सवयीनं सरळ स्वयंपाकघरात शिरणार, तोच सून म्हणाली, "बसा ना काकू, खुर्चीवर." इतकी वर्षं ओट्याला टेकून स्टीलच्या पेल्यात चहा झालेला. आज कपबशी आली, ट्रेमधून, बशीत मांडलेल्या बिस्किटांसकट. राजेश्वरीनं चुकलं म्हणून सांगितलं, पुन्हा अर्ज करते म्हणाली. झुंबरबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोराच्या कानावर घालते," ती म्हणाली, "काय ते कागदावरच कळवू. बिस्कीट घ्या की."

घरी आल्यावर राजेंद्रनं वरून विचारलं, "काय म्हणाल्या मावशी?"

राजेश्वरी जिन्याखालीच थांबली. "चहा दिला. ट्रेमधून."



"बिस्किटं पण?"

"हो," म्हणत ती जिना चढू लागली.