तुरीचे ट्रक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

वाशीमजवळच्या एका डाळमिलमध्ये आम्ही दोघं होतो. तूर आत आणायचं काम वंदनाताईचं, डाळ बाहेर पाठवायचं माझं. तुरीची गाडी चुकली की मिल थांबायची, आणि माझे ट्रक आवारात रिकामे उभे. म्हणून रोज सकाळी आम्ही दोघांच्या गाड्यांचा मेळ बसवायचो. छान जमायचं आमचं — खरंच जमायचं.

मग मालक म्हणाले, दोन्ही कामं आता एकच जण पाहील. कोण, ते सांगितलं नाही. पण ती माझ्यापेक्षा बरी होती. मला कळत नव्हतं का?

त्याच आठवड्यात तिच्या माहेराहून, इंझोरीहून, तिला फोन आला. आई पडली होती, बोलत नव्हती. ताई चप्पल घालता घालता म्हणाली, "भाऊ, तुरीचे ट्रक अनसिंगले थांबून हायेत. दुपारी डायवरले फोन करजा, तवाच निघतीन ते."

"जा ताई, मी पाहतो."

फोन हातातच होता. केला नाही. विसरलो नव्हतो — दुपारभर आठवत होतं. संध्याकाळी मिल बंद पडली. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मले काई सांगून नाही गेली ते."

दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात ठेवून ती आली. मालकांनी हमालांसमोर तिला नाही नाही ते बोलून काढून टाकलं.

पण कबूल करायचं ते हेही नाही. ते पुढचं आहे.

फाटकाशी तिनं मला गाठलं. तिथं तिसरं कोणी नव्हतं. हळूच म्हणाली, "भाऊ, विसरले असान तुमी. तेवढं सांगा ना मालकाले."

मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "काय विसरलो? तुमी सांगतलंच नाही मले."

ती आठवू लागली. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि — कसं सांगू — मला ते पाहायला बरं वाटत होतं.

"आईच्या गडबडीत म्याच नसन सांगतलं," ती म्हणाली. "तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करजा, भाऊ."

"जाऊ द्या ताई. होते असं."

मी तिला माफ केलं.