मेथीच्या जुड्या आणि दुसरा अल्बम

मावला गावातल्या आमच्या मळ्यात दुपार कलली की मी आणि सासूबाई मेथीच्या जुड्या बांधायला बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माल आदिलाबादच्या बाजारात न्यायचा असतो. समोर ओलं गोणपाट आणि मध्ये माझा मोबाईल. त्यावर दोन वर्षं आफ्रिकेतली एक गायिका गात होती. हैदराबादला नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या लेकीनं तिचा पहिला अल्बम भरून दिला होता. शब्द एक कळत नव्हता, पण ठेका असा की हात आपोआप पळायचे. सासूबाईंना तर तिच्याशिवाय जुडी बांधवत नव्हती.

यंदा थंडीत तिचा दुसरा अल्बम आला आणि लगेच लेकीचा फोन. "आई, नको ऐकू. सारं हळूहळू गायली. लोक शिव्या देऊन राह्यले."

मी मोबाईलवर लोकांचं म्हणणं वाचलं. नाचायला काही नाही, झोप येते, पहिलाच बरा होता. माझंही असंच झालं होतं.

गावातल्या भजनी मंडळात मी पहिल्यांदा उडती गवळण म्हटली, तेव्हा बायांनी फेर धरला होता. मागच्या वर्षी हौसेनं संथ अभंग घेतला. टाळ सासूबाईंच्या हातात होता. अर्ध्यावर माझा ताल सुटला, मी त्याच्यामागे धडपडत पळाले आणि बाया आपसात बोलायला लागल्या. तेव्हापासून मी मंडळात मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवते. गाण्यावाचून फार सुनं वाटायचं, पण कुणाजवळ बोलले नाही. मानी आहे मी, काय करणार.

तरी अल्बम लावलाच. म्हटलं, पाच मिनिटांत सासूबाई बंद करायला लावतील. पण एक गाणं झालं, दुसरं झालं, त्या बांधतच होत्या. त्यांच्या हातातली जुडी मात्र फुगत चालली होती. एरवी मोजक्या काड्या घेणारी बाई मूठमूठ मेथी बांधत होती.

"आत्याबाई, गिऱ्हाइकाची चंगळ करता काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"हात हळू झाला त काय करू? चांगली गाते ना ते."

"लोकायले नाई आवडलं."

त्या म्हणाल्या, "पाह्य, तिचा वाजवणारा कसा थांबते तिच्यासाठी." आणि माझ्याकडे न बघता, "मागल्या साली मी थांबली नाई. बाया उठून जातीन असं वाटलं, म्हून मीच टाळ पळवला. तुह्या गाण्यात काई खोट नव्हती."

मला आधी रागच आला. वर्षभर मी स्वतःलाच दोष देत होते.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"लाज वाटे," त्या म्हणाल्या आणि ती जाड जुडी सोडून पुन्हा बांधायला लागल्या.

त्याच दिवशी एकादशी होती. संध्याकाळी मंडळात त्यांनी मला पुढे बसवलं, तोच अभंग घ्यायला सांगितलं आणि शेजारी बसून टाळ मांडीवर ठेवला. मी पहिली ओळ पूर्ण म्हणेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.