उंटांच्या तळावरची शेळी

उंटाच्या पिल्लाच्या तोंडावर फोड दिसले. त्याच दिवशी ड्रेसरमामांनी आपली शेळी घरून सोडली आणि उंटांच्या तळावर नेऊन बांधली.

ते आमचे शेजारी. गुरांच्या दवाखान्यातल्या फलकावर त्यांचं पद ‘व्रणोपचारक’ असं लिहिलेलं होतं. गाव त्यांना ड्रेसरमामा म्हणे. कुठल्याही जखमेवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, “माशी बसू देऊ नका, बाकी उतरतं.” मी शाळेतल्या भांडणानं वैतागून आलो, की मलाही तेच सांगत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, एका वाक्यावर सगळे आजार निभावणारा.

त्या वर्षी कच्छकडचे मेंढपाळ मानवतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पडीक रानात उतरले होते. सामान वाहायला चार-पाच उंट. त्यातल्या पिल्लाचे ओठ फोडांनी सुजले, त्याला आईचं दूध ओढता येईना. डॉक्टर पाहून गेले. उंटांची देवी आहे, शेळ्यामेंढ्यांना होत नाही, म्हणाले. तरी संध्याकाळी गाव मामांच्या दारात जमलं.

“मामा, ह्यांना हलवा. आमच्या घरात शेरडांशिवाय काय हाय?”

“पिल्लाला उभं ऱ्हावना गेलंय. चालवलं तर रस्त्यात मरंल.”

“अन् आमची शेरडं मेल्यावर?”

“त्यांच्या मेंढ्या बगा की. एकीला तरी फोड हाय का?”

“त्यांच्या मेंढ्यांना सवय असंल.”

मामा उठले. आत जाऊन त्यांनी शेळीचं दावं सोडलं. शेळी दिवस भरत आलेली. मामी मागोमाग आल्या.

“गावात इतकी शेरडं हायेत, माझी गाभणीच दिसली का तुमाला?”

“दुसऱ्याची कशी न्यावी?” मामा म्हणाले.

तळावरच्या म्हातारीनं पिल्लाला सुई लावू दिली नाही. देवी कोपेल म्हणाली. मामा आपल्या हिंदीत म्हणाले, “सुई नको तो नको. माशी मत बैठने दो, बाकी उतर जाता.” मग रोज सकाळी ते फोडांना निंबोळीचं तेल लावत, उंटिणीचं दूध काढून टॉनिकच्या बाटलीनं पिल्लाला पाजत. तोवर गावातले दोघं-चौघं येऊन उभे राहत. मामा शेळीचा ओठ उलटून दाखवत, “बगा. नीट बगा.” ओठ उलटण्याआधी त्यांचा अंगठा जरासा थांबे. ते मी पाहिलं. गावानं पाहिलं नसावं.

बाराव्या दिवशी शेळी तळावरच व्याली. दोन करडं, तोंडं स्वच्छ. त्याच दुपारी पिल्लू आईच्या कासेला लागलं. सर्वांत आधी ‘हलवा’ म्हणणारा गडी तिथंच उकिडवा बसला आणि हसला. “ऱ्हाऊ द्या मामा त्यांना. घाई काय हाय?”

मामी मात्र दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत. करडांशी बोलत होत्या.

गेल्या पौषात मामा गेले. या उन्हाळ्यात तळ पुन्हा पडला. म्हातारीनं एक उंच उंट मामांच्या दारात आणून उभा केला आणि हाक मारली. मामी एकट्याच बाहेर आल्या. म्हातारीला कळलं. तिनं उंटाची मान खाली ओढून धरली आणि मामींनी अंगठ्यानं त्याचा ओठ उलटून पाहिला.

फोडांच्या जागी दोन पांढरे डाग आहेत. बाकी उतरलं आहे.