सांबार तुमच्यासाठी नाही

त्या गुरुवारी माझा देवावरचा विश्वास साधारण न्युरेम्बर्गमधल्या रेस्टॉरंटांवरच्या विश्वासाइतकाच उरला होता. वर्षभरापूर्वी मला सीलिअ‍ॅक निघाला. गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही, असा हा आजार. पोळी, पाव, शिरा सगळं सोडलं, तरी वजन उतरतच होतं आणि रक्ताचे आकडे जागचे हलत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "चोरून काही खात नाही ना?" पुढच्या मंगळवारी पुन्हा आतड्याची तपासणी आणि मग स्टेरॉइडच्या गोळ्या, असं ठरलं होतं. त्या गोळ्यांची मला भीती वाटत होती.

दोष मी बाहेरच्या जेवणाला देत होते, कारण घरी तर सगळं तपासलेलं. एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासणं हीच माझी नोकरी. दुकानातलं प्रत्येक पाकीट मी उलटं करून वाचते. इथल्या रेस्टॉरंटांत विचारलं की अ‍ॅलर्जीची जाडजूड फाइल आणून देतात. तिचं मी पोथीसारखं पारायण करत असे. फळही तितकंच लांबणीवर.

पुण्याहून सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) तीन महिन्यांसाठी नुकत्याच आल्या होत्या. त्या दत्ताच्या भक्त. सकाळी फोटोला फूल वाहून म्हणाल्या, "आज बाहेरच जेवू. बघू तरी तुला कोण जेवायला घालत नाही ते." गोस्टेनहोफ भागात आम्ही दोघी दारोदार फिरलो. एका ठिकाणी सगळ्याला एकच तळणी. दुसऱ्या दारावर 'ग्लुटेनफ्राय', म्हणजे ग्लुटेनमुक्त, असं झोकदार स्टिकर, आत ओट्यावर पिठाचा धुरळा. तिसरीकडे वेटरने हसून विचारलं, "थोडंसं चालेल ना?"

"महाराज बघतील गं," आई म्हणाल्या.

"महाराजांना म्हणावं, आधी तळणीचं विचारा," मी म्हटलं. भुकेने मी जरा फटकळ होते.

कोपऱ्यावर एक सहा टेबलांची खाणावळ होती. दारावर स्टिकर वगैरे काही नाही. गल्ल्यामागे श्रीलंकेच्या तमिळ बाई, साठीच्या, कपाळाला भस्म. मी माझं पाठ झालेलं जर्मन निवेदन म्हणून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, हेच नवल. "माझ्या बहिणीला हाच आजार आहे," त्या म्हणाल्या. "डोसा देते, तवा वेगळा आहे. चटणी घ्या. सांबार तुमच्यासाठी नाही. त्यात हिंग आहे."

मला हसूच आलं. हिंग म्हणजे झाडाचा चीक, त्यात गहू कुठला? बाईंनी वाद घातला नाही. आतून डबी आणून माझ्यापुढे उलटी धरली. चिकाच्याही आधी लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. बहिणीसाठी त्या तांदळाच्या पिठातला हिंग वापरत. तो त्या दिवशी संपला होता.

"काय म्हणतायत त्या?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात डोशावरच थांबला. आमच्या घरचा हिंग वर्षानुवर्षं त्यांच्याच पार्सलमधून येतो. आला की मिसळणाच्या डब्यात. त्या डब्यावर लेबल नसतं, आणि घरून आलेलं कोण वाचतं?

घरी येऊन आईंनी बॅगेतलं नवं पाकीट काढलं, चष्मा लावून मागची यादी वाचली आणि त्या खाली बसल्या. "वर्षभर मीच घालत होते तुझ्या वरणात."

"तुम्ही पाठवलंत, आई. वाचलं मी नाही. आणि मला पगार वाचण्याचाच मिळतो." त्या हसल्या नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी 'हिंग' हा शब्द कागदावर लिहून घेतला, तपासणी आणि गोळ्या पुढे ढकलल्या. दहा आठवड्यांनी आकडे पहिल्यांदा खाली आले. आई म्हणतात, त्या बाईंच्या रूपात कोण होतं ते त्यांना ठाऊक आहे. मी वाद घालत नाही. माझं हे वाद न घालणं, हाच त्यांच्या मते खरा चमत्कार. मला एवढंच कळतं की सकाळपासून मी एका होकारासाठी वणवण फिरत होते, आणि मला वाचवलं ते एका नकाराने. तिसऱ्या ठिकाणी 'थोडंसं' चालवून घेतलं असतं, तर त्या दारापर्यंत पोचलेच नसते.

आई परत निघायच्या आधीच्या गुरुवारी आम्ही आभार मानायला गेलो. बाईंनी गल्ल्यावरच्या देवाला नैवेद्य दाखवला होता. गुळातल्या भाताच्या दोन वाट्या आमच्यापुढे ठेवल्या. वर्षभर मी प्रत्येकाचा प्रसाद डोळ्यांना लावून गुपचूप नवऱ्याच्या हातात दिला होता. सवयीने तोंड उघडलं, यात काय काय आहे ते विचारायला. मग वाटलं, या बाईंइतकं माझं पोट कुणी जपलंय? मी वाटी कपाळाला लावली आणि खाल्लं.

शेजारी आईंनी वाटीकडे बोट दाखवलं आणि बाईंना कडक आवाजात विचारलं, "हिंग?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. माझा तोवर दुसरा घास झाला होता.